चिखलणीतला झिंक दाण्यात पोचत नाही

‘चिखलणीला झिंक सल्फेट टाका, भात जस्तयुक्त होईल’ हे भाताच्या दाण्यात जस्त वाढवण्याविषयीच्या तुमच्या लेखातलं वाक्य दिशाभूल करणारं आहे. त्याने रोपांचा खैरा, म्हणजे जस्ताच्या कमतरतेचा रोग, जातो, उत्पन्न वाढतं. पण तुंबलेल्या पाण्यात बरंचसं जस्त मातीतच अडकतं, दाण्यात थोडंच उतरतं. दाण्यासाठी फवारणीच हवी. फुलोरा संपून दाण्यात दूध भरताना, दहा लिटर पाण्याला ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम विरलेल्या चुन्याची निवळी. चुना चुकवला की पानांचे शेंडे करपतात. त्यात डीएपी हे स्फुरदाचं खत मिसळू नका, साका बसतो. सरद म्हणजे पावसाळी भातावर पावसाची उघडीप बघूनच मारा, नाहीतर सगळं धुऊन जाईल. वायंगणात, म्हणजे हिवाळी-उन्हाळी भातात, ही अडचण नाही.

डीआरआर धान ४५ सारखं मुळातच जस्त जास्त असलेलं वाण सुचवलंत, ते उत्तम. फक्त खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतात नको, खारं पाणी सोसणारा आपला कोरगुट हा गावठी भातच तिथे टिकतो.