वीस चित्रांची नावे विचारून मुलाची भाषा तपासता येत नाही

शाळकरी मुलाची भाषा घरच्या घरी पाच मिनिटांत तपासण्याचा उपाय सांगणारा एक संदेश सध्या सर्वत्र फिरतो आहे. वीस चित्रे दाखवा, पंधरा नावे आली नाहीत तर घरातली दुसरी भाषा बंद करा, आणि तरीही फरक पडला नाही तर दहाव्या वर्षापर्यंत वाट पाहा, असे त्यात म्हटले आहे. तो वाचून माझ्या बहिणीने आपल्या आठ वर्षांच्या मुलाशी आजीने स्वतःच्या भाषेत बोलणे थांबवले, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

यातला भाषा बंद करण्याचा सल्ला सर्वांत घातक आहे. दोन भाषा कानांवर पडल्याने भाषाविकार, म्हणजे भाषा समजण्यात आणि वापरण्यात टिकून राहणारी अडचण, होत नाही. ज्या मुलाला तो खरोखर असतो, त्याची अडचण दोन्ही भाषांत दिसते. ती एकाच भाषेत दिसत असेल, तर त्या भाषेचा सहवास अपुरा पडला असण्याची शक्यता अधिक. म्हणूनच जाणकार स्पीच थेरपिस्ट दोन्ही भाषांची चौकशी करतो, आणि एका भाषेतले शब्द मोजून निकाल देणारी चाचणी धडधाकट मुलालाही विकारग्रस्त ठरवू शकते. योग्य चाचणी उपलब्ध नसेल, तर मुलाला काही नवे शिकवून पुन्हा तपासतात. थोड्या मदतीने झपाट्याने शिकणाऱ्या मुलाला बहुधा विकार नसतो, फक्त संधी मिळालेली नसते. आजीची भाषा काढून घेण्याने विकार बरा होत नाही, उलट मुलाशी सर्वांत जास्त बोलणारे माणूस गप्प होते.

चित्रांविषयी एवढेच की शाळकरी वयातली अडचण अनेकदा नामांत नसते. लांब सूचना समजणे, घडलेली गोष्ट क्रमाने सांगणे, ‘कारण’, ‘जरी’, ‘म्हणून’ यांनी वाक्ये जोडणे, इथे मूल अडखळते. त्यामुळे आधी श्रवणचाचणी करून मग ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणायला लावणे, अर्थहीन शब्द उच्चारायला लावणे, गोष्ट सांगायला लावणे, आणि शिक्षकांशी बोलणे, एवढे सगळे लागते.

थांबण्याच्या सल्ल्यात अर्धे तथ्य आहे, हे मान्य करावे लागते: दोन वर्षांची, उशिरा बोलू लागलेली अनेक मुले पुढे आपोआप सावरतात. परंतु शाळेच्या वयातही टिकून राहिलेली अडचण सहसा आपोआप जात नाही. टॉम्बलिन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात बालवाडीतल्या सुमारे ७.४ टक्के मुलांत हा विकार आढळला, आणि त्यांतल्या केवळ २९ टक्के मुलांच्या पालकांना आधी कोणी तशी कल्पना दिली होती. म्हणजे बहुतेकांचे लक्षच गेले नव्हते. त्यांना आणखी पाच वर्षे थांबा असे कसे सांगावे?

बहिणीला मी सांगितले आहे की, तपासणीला जाताना आजीलाही सोबत ने, कारण घरच्या भाषेत तो गोष्ट कशी सांगतो हे त्याच सांगू शकतील.