‘गर्दीच्या हॉस्पिटलात नेऊ नका’ या मेसेजला माझं उत्तर

मामा सोलापूरच्या हॉस्पिटलात आयसीयूत होते आणि मामी बाहेर जिन्याच्या पायरीवर मोबाईल डोळ्यांजवळ धरून बसली होती. “वाच की गं बाळा, पुण्याला नेलं तर वाटेतच जातंय म्हणून लिहिलंय बघ.” रात्रीचे दहा वाजले होते. मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा फुटलाय, त्याचं ऑपरेशन आमच्याकडे क्वचितच होतं, लगेच हलवा, हे डॉक्टरांनी स्वतः स्पष्ट सांगितलं होतं. तरी ॲम्ब्युलन्स निघाली पहाटे साडेचारला. मधले साडेसहा तास त्या एका मेसेजने खाल्ले. एकदा फुटलेला फुगा पुन्हा फुटण्याची भीती पहिल्या २४ तासांत सर्वांत जास्त असते, आणि त्यातही सुरुवातीच्या काही तासांत. मामांचा फुटला नाही, हे आमचं नशीब.

परवा तोच मेसेज आमच्या भावकीच्या ग्रुपवर पुन्हा आला. म्हणून आता एकेक मुद्दा घेते.

पहिला मुद्दा म्हणे: “गर्दीच्या हॉस्पिटलात लक्ष देत नाहीत. जिथे पेशंट कमी, तिथे काळजी जास्त, म्हणून माणूस वाचतो.” सगळ्यांना पटतो तो हाच, आणि सर्वांत घातकही हाच. अमेरिकेतल्या १८ राज्यांतल्या १,५४६ हॉस्पिटलांमध्ये मेंदूभोवती असा रक्तस्राव झालेल्या १६,३९९ दाखल पेशंटांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. वर्षाला १० पेक्षा कमी केसेस येणाऱ्या ठिकाणी मृत्यूचं प्रमाण ३९ टक्के होतं, ३५ पेक्षा जास्त येणाऱ्या ठिकाणी २७ टक्के. शंभरात बारा माणसं! वय, इतर आजार वगैरे हिशेबात धरूनही फरक उरलाच. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत हेच दोन आकडे धरून लिहिलंय की कमी केसेसच्या हॉस्पिटलांनी पेशंट लवकर मोठ्या केंद्रात पाठवण्याचा विचार करावा.

हे असं का होतं, ते मी स्वतः पाहिलंय. फुगा बंद केला की लढाई संपत नाही. साधारण चौथ्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसू शकतात. त्यामुळे होणारं मेंदूचं नुकसान कमी व्हावं म्हणून निमोडिपिनची गोळी दर चार तासांनी, २१ दिवस द्यावी लागते. मामांच्या वॉर्डातली नर्स दर तासाला म्हणायची, “काका, दोन्ही हात समोर धरा, डोळे मिटा.” आठव्या रात्री डावा हात हळूच खाली घसरला. मी शेजारीच होते, मला वाटलं झोपेत आहेत. ती रक्तवाहिनी आकसल्याची खूण होती. तिने त्याच क्षणी डॉक्टरांना बोलावलं, फुगा आधीच बंद झालेला असल्याने त्यांनी रक्तदाब औषधाने मुद्दाम चढवला, सकाळपर्यंत हात परत वर आला. शंभर पेशंटांचे हात घसरताना पाहिलेल्या माणसालाच हे कळतं. मेसेजवाल्याला ‘लक्ष’ म्हणजे गोड बोलणं वाटतं.

एक मान्य करते: मोठी इमारत म्हणजे जास्त केसेस नव्हेत. गुडघे आणि बाळंतपणं हजारोंनी होत असली, तरी तिथे फुग्याची ऑपरेशनं वर्षाला चारच होत असतील. आणि हे सोलापूर विरुद्ध पुणे असंही नाही. बोर्ड बघू नका, तोंड उघडून विचारा: अशा केसेस वर्षाला किती येतात? क्लिप (कवटी उघडून फुग्याला लावायचा चिमटा) आणि कॉइल (मांडीतून तार घालून फुग्यात भरायचं वेटोळं) दोन्ही इथेच होतं का?

“वाटेत जातो.” यात अर्धं खरं आहे. अडीचशे किलोमीटर म्हणजे गंमत नाही. टेंभुर्णीजवळ मामांना उलटी झाली तेव्हा माझे हातपाय गळाले. पण त्याला उपाय म्हणजे रक्तदाब आटोक्यात ठेवून, सोबत डॉक्टर घेऊन, पुढच्या हॉस्पिटलला आधी फोन करून निघणं. जिथे इलाज होत नाही तिथेच पेशंट ठेवणं हा उपाय नव्हे.

“मांडीतून तार घालणं ही लूट आहे, कवटी उघडूनच खरं ऑपरेशन होतं.” साफ खोटं. दोन्हींपैकी काहीही चालेल अशा २,१४३ पेशंटांवरची आयसॅट ही चाचणी २००२ साली प्रसिद्ध झाली. वर्षभराने मृत्यू किंवा परावलंबित्व कॉइलच्या गटात २३.७ टक्के, क्लिपच्या गटात ३०.६ टक्के. काही फुग्यांना क्लिपच योग्य असते, ते डॉक्टर ठरवतील.

मेसेजमध्ये नाकात लसणाचा रस घालायलाही सांगितलंय; त्याबद्दल मी एक शब्दही लिहिणार नाही.

शेवटी म्हटलंय, “डोकं दुखायचं थांबलं की घरी न्या.” मामांचं डोकं त्या दिवशी दुपारी थांबलं होतं. सकाळी मागावर उभे असताना कुणी घण घातल्यासारखं एकदम दुखलं, मग गोळीने कमी झालं, आणि ते घरी येऊन भाकरी खाऊन झोपले. संध्याकाळी शुद्ध हरपत चालली तेव्हा आम्ही धावलो. क्षणात आयुष्यातली सर्वांत जोराची डोकेदुखी आली, तर ती थांबली तरी त्याच तासाला सीटी स्कॅन करा. आणि ज्यांनी हा मेसेज पुढे ढकललाय, त्यांनी आज त्याच ग्रुपवर तो खोटा आहे असं लिहा.