जलद चार्जिंग हवेच कशाला?

इलेक्ट्रिक मोटार घ्यायला निघालेल्या सुज्ञ वाचकहो, परवा एका शोरूममध्ये मला जी ज्ञानप्राप्ती झाली, ती आपल्यापर्यंत पोहोचवणे मी माझे कर्तव्य समजतो. जाहिरातीतल्या किमतीला भुलून मी सर्वांत स्वस्त मॉडेलची चौकशी केली, तेव्हा तेथील तरुण अत्यंत आदबीने म्हणाला, "सर, बेसमध्ये फास्ट चार्जिंग येत नाही." बेस मॉडेलमध्ये मी जणू अत्तरदाणी मागितली होती.

तेव्हा पहिला सल्ला असा की, घाई करू नये. घरातल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला जेमतेम तीन युनिटे मिळतात, म्हणजे तीस युनिटांची बॅटरी भरायला दहा तास धरावेत. पुण्याहून कोल्हापूरला निघालात, तर कऱ्हाडला मुक्काम करावा. प्रीतिसंगमावर यशवंतरावांच्या समाधीचे दर्शन घ्यावे आणि सावकाश दुसऱ्या दिवशी पुढे जावे.

दुसरा सल्ला, सोसायटीच्या सभेत पार्किंगमधल्या चार्जरचा विषय काढू नये.

तिसरा सल्ला, महामार्गावरच्या डीसी, म्हणजे जलद चार्जिंगच्या, चार्जरकडे दुरूनच पाहावे. त्याची गन, म्हणजे केबलच्या टोकाचा प्लग, जवळ नेलीत, तरी तिच्या खालच्या दोन जाड पिनांसाठी आपल्या गाडीच्या सॉकेटमध्ये जागाच ठेवलेली नसते. यंत्र पन्नास किलोवॅटचे असो वा दीडशेचे, आपल्याला त्याचा उपयोग शून्य. ही सोय नंतर बाहेरून बसवून घेऊ म्हणाल, तर तेही जमत नाही, कारण बॅटरीपर्यंत थेट जाणारी जोडणी कारखान्यातच व्हावी लागते. ती हवी असेल तर वरचे मॉडेल घ्या, असे सांगतात, आणि वरच्या मॉडेलमध्ये तिच्यासोबत सनरूफ, रंग बदलणारे दिवे आणि अलॉय व्हील्स यांचेही पैसे मोजावे लागतात. मला गाडी चार्ज करायची आहे हो, आकाशदर्शन करायचे नाही! हा उद्योग आपल्याकडेच चालतो असेही नाही. अमेरिकेत 2017 ची शेव्हरोले बोल्ट एका चार्जमध्ये 238 मैल जाते म्हणून गाजली, पण तिच्यात डीसी फास्ट चार्जिंग हवे असल्यास 750 डॉलर वेगळे मोजावे लागत. एवढा पल्ला असलेली गाडी लांबच्या प्रवासाला न्यायची नाही, तर काय अंगणात मिरवायची?

शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला जलद चार्जिंग लागतेच कशाला, हा विक्रेत्यांचा आवडता युक्तिवाद आहे आणि तो साफ खोटा आहे. स्वस्त गाडी घेणाऱ्याकडेच बहुधा स्वतःचे पार्किंग नसते, त्यामुळे सार्वजनिक चार्जरची सर्वाधिक गरज त्यालाच असते. आणि मध्यरात्री घरातल्या कोणाला दवाखान्यात न्यायचे असेल तेव्हा बॅटरी रिकामी निघाली, तर काय करायचे?

एअरबॅगसुद्धा एके काळी वरच्या मॉडेलची चैन होती. 2019 च्या जुलैमध्ये चालकाच्या एअरबॅगची सक्ती झाली, तेव्हा कुठे ती प्रत्येक गाडीत आली. इलेक्ट्रिक मोटारीवर जीएसटी केवळ पाच टक्के आहे, आणि ही सवलत जनतेच्या पैशातून दिली जाते. सरकारने ती देताना जलद चार्जिंगची अट घालायला हवी होती. ती घातली नाही, हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. कंपन्यांनी तर लाजच सोडली आहे. आणि आपण ग्राहक शोरूममध्ये पडद्याचे इंच मोजत बसतो, सीटकव्हर फुकट मिळावे म्हणून तासभर घासाघीस करतो. पण चार्जिंगचे झाकण उघडून आत पाहण्याची तसदी घेत नाही.