पाचवी-आठवीच्या परीक्षेबद्दलचा 'तो' मेसेज चुकीचा आहे

डिचोली, साखळी, पेडणे भागातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'पाचवी-आठवीला आता बोर्डाची परीक्षा. नापास झालं की शाळेतून नाव कमी. प्रगतिपुस्तकात सवयींचे शेरे वाईट असले तरी मूल त्याच वर्गात.' यातलं एकही वाक्य बरोबर नाही.

शिक्षण हक्क कायदा, 2009 मी मुळातून वाचला. कलम 30 प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत कुठलीही बोर्ड परीक्षा पास होण्याची सक्ती नाही. घोळ झालाय तो 2019 च्या दुरुस्तीवरून. तिच्यानुसार पाचवी-आठवीला वर्षाअखेर परीक्षा असते, पण ती बोर्डाची नव्हे. मूल नापास झालं तर त्याला जादा शिकवायचं आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा घ्यायची. त्यातही राहिलं तरच मागे ठेवण्याचा प्रश्न येतो, आणि तशी मुभा द्यायची की नाही हे सरकार ठरवतं. शाळेतून काढणं मात्र आठवीपर्यंत कायद्यानेच बंद आहे.

आता सवयींचे शेरे. 'गृहपाठ वेळेवर देत नाही', 'गटात बोलायला बुजते' असा शेरा शिकवणाऱ्यांना आणि घरच्यांना पुढची मदत ठरवण्यासाठी असतो. कायद्यात मागे ठेवण्याचा संबंध परीक्षेशी आहे, या शेऱ्यांशी नाही. हा मेसेज वाचून मुलं रडतात, हे मला फार लागतं.

कृपया तो पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलात त्यांना हा खुलासा पाठवा. शंका असेल तर शाळेत जाऊन शिक्षण खात्याचं परिपत्रक मागा.