तांबडा, पांढरा आणि नव्वद मिनिटे

सिंगापुरात ज्याला ‘स्टीमबोट’ म्हणतात आणि चिनी भाषेत ‘हुओगुओ’, म्हणजे शब्दशः अग्निपात्र, त्या जेवणाला मी कोल्हापूरहून आलेल्या मेहुण्याला घेऊन गेलो, ही चूक सर्वस्वी माझी. बुगिस भागातल्या लिआंग सिआ रस्त्यावर अशी हॉटेले ओळीने आहेत. एकदा माणशी पैसे मोजले की हवे तितके खावे, हे ऐकून मेहुण्याने दुपारचे जेवण टाळले आणि मीही त्याला सोबत म्हणून तीन पोळ्यांवर भागवले.

दारातल्या फलकावर किमतीपुढे अधिकची दोन चिन्हे होती. त्यांपैकी एक 10 टक्के सेवाशुल्काचे आणि दुसरे त्या सेवाशुल्कासकट होणाऱ्या रकमेवरच्या 9 टक्के जीएसटीचे, हे मी त्याला आत बसल्यावर सांगितले. जिन्नस आपण आणायचे, शिजवायचे आपण, वाढून घ्यायचे आपण, मग सेवा कोणाची, हा त्याचा प्रश्न बिनतोड होता. परंतु त्या क्षणापासून आमचे जेवण संपले आणि वसुली सुरू झाली.

टेबलाच्या मधोमध शेगडी आणि तिच्यावर नागमोडी पडदा घातलेले पातेले होते. एका कप्प्यात लालभडक तवंगाचा ‘माला’ रस्सा उकळत होता, दुसऱ्यात कोंबडीच्या हाडांचे पांढुरके कढण. चिनी लोकांनी या पातेल्याला मँडरिन बदकांच्या जोडीचे नाव दिले आहे. मेहुण्याने मात्र एकदाच आत डोकावले आणि तो गहिवरून म्हणाला, “दाजी, हा तर तांबडा-पांढरा!”

मिरचीला कोल्हापूरकर भीत नाही. पण ‘माला’मधला ‘ला’ तेवढा तिखटपणाचा. ‘मा’ म्हणजे बधिरपणा, आणि तो आणते सिचुआनची मिरी, जी मुळात मिरी नसून आमच्या बांगड्याच्या आमटीतल्या तिरफळाची चुलत बहीण आहे. मी रत्नागिरीचा असल्यामुळे जिभेवरून निघालेली ती मुंग्यांची रांग माझ्या ओळखीची होती. त्याच्या नव्हती. “दाजी, ओठ कुठं गेले ओ माझे?” असे त्याने घाबऱ्या आवाजात विचारले, तेव्हा चिठ्ठीवर लिहून दिलेल्या नव्वद मिनिटांपैकी अकरा सरली होती.

आपल्या पंगतीत आग्रह यजमान करतो आणि त्याला हात आडवा करून थोपवता तरी येते. इथे आग्रह घड्याळ करते. त्यातच भिंतीवर सूचना होती, की टाकलेल्या अन्नाच्या दर 100 ग्रॅममागे दंड आकारला जाईल. ती वाचण्यापूर्वीच मेहुण्याने सहा ताटल्या भरून आणल्या होत्या: कागदासारख्या पातळ मटणाच्या गुंडाळ्या, कमळकाकडी, शेवयांच्या जुडीसारखे एनोकी अळंबे, लावीची अंडी, आणि मासळीचे गोळे, ज्यांचा तर त्याने डोंगरच रचला होता.

मटण पाच-दहा सेकंदांत शिजते, म्हणून ते काड्यांत धरूनच बुडवायचे असते. आम्ही ते सोडून दिले, आणि सापडले तेव्हा त्याचे चामडे झाले होते. मासळीचा गोळा शिजला की आपण होऊन वर तरंगतो, ही त्याची सज्जनता. पण गुळगुळीत काड्यांनी त्याला धरणे म्हणजे ओल्या साबणाची गोटी दोन पेन्सिलींनी उचलणे. मेहुण्याने एक गोळा मोठ्या शिताफीने काठापर्यंत आणला, तोच तो निसटला आणि पडदा ओलांडून तांबड्यातून पांढऱ्यात पडला. वाफेने आंधळ्या झालेल्या माझ्या चष्म्यावर दोन्ही रश्शांचे शिंतोडे उडाले.

शेवटची दहा मिनिटे उरली, तेव्हा ताटलीत दीड डझन गोळे शिल्लक होते आणि पोटात हवा जायलाही जागा नव्हती. मेहुण्याने डावी-उजवीकडे पाहिले आणि ताटली हळूच तांबड्यात ओतून शेगडी बंद केली. तवंग मिटला. मीही, वयाने मोठा असून, काही बोललो नाही.

बिल घेऊन आलेल्या वयस्क बाईंनी आमच्या रिकाम्या ताटल्यांकडे कौतुकाने पाहिले, मग कुठूनसा झारा काढला आणि सराईतपणे पातेल्याचा तळ ढवळला. सगळे गोळे वर आले. त्यांच्यामागून तीन लावीची अंडी आली, आणि मघापासून हरवलेली माझी एक काडी. बाईंनी हा ऐवज वाडग्यात घालून काट्यावर ठेवला, आकडा आम्हाला दिसेल असा काटा फिरवला, घड्याळाकडे पाहिले आणि हाताची पाच बोटे दाखवून त्या निघून गेल्या.

मेहुण्याने पट्टा एक घर सैल केला.

“दाजी,” तो म्हणाला, “अंडी तुम्ही घ्या.”