यरुशलेम म्हणजे ‘यदु-ईशालयम्’ नव्हे

‘यरुशलेम हे मूळचे यदु-ईशालयम्, म्हणजे यदूंच्या ईश्वराचे मंदिर, द्वारका बुडाल्यावर पश्चिमेकडे गेलेले यदू म्हणजेच यहुदी, आणि त्यांनीच नगराला हे नाव दिले,’ असा मजकूर मराठीत बराच फिरतो.

आधी नाव कोणी दिले ते पाहू. इजिप्तमध्ये अमार्ना येथे १८८७ साली सापडलेल्या मातीच्या पाट्यांत इ.स.पू. १४व्या शतकातील अब्दी-हेबा या स्थानिक राजाची फारोला लिहिलेली पत्रे आहेत आणि त्यांत नगराचे नाव ‘उरुसलिम’ असे येते. यहुद्यांच्या स्वतःच्या धर्मग्रंथानुसार मात्र दाविदाने हे नगर यबूसी लोकांकडून जिंकले, आणि तो काळ साधारण इ.स.पू. १००० चा मानला जातो. म्हणजे यहुद्यांना नगर मिळाले ते नावासकट.

‘यदु’चे ‘यरु’ कसे झाले, यावर हिब्रू लिपीतील ‘द’ आणि ‘र’ सारखे दिसतात असे उत्तर मिळते. ते दिसतात खरे, आणि नकलाकारांचा त्यांत गोंधळही झालेला आहे; पण अमार्नाच्या पाट्या हिब्रूत नसून क्यूनिफॉर्म या खिळ्यांसारख्या खुणांच्या लिपीत आहेत आणि तिथेही स्पष्ट ‘रु’च आहे.

‘आलयम्’ची फोड तर अधिकच अडचणीची आहे. संस्कृतात ‘आलयम्’मधला ‘म्’ हा विभक्तीचा प्रत्यय आहे, तर ‘शालेम’मधला ‘म’ धातूचा घटक असून शालोम, श्लोमो (आपला शलमोन, म्हणजे राजा सॉलोमन) आणि अरबी सलाम या सर्वांत तो टिकून आहे. शिवाय बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाच्या १४व्या अध्यायात मलकीसदेक ‘शालेमचा राजा’ आहे आणि स्तोत्र ७६ मध्ये ‘शालेम’ हे नाव सियोनच्या, म्हणजे यरुशलेमच्याच टेकडीच्या, जोडीने येते. तेव्हा नाव कुठे तुटते हे ग्रंथच सांगतो. उरलेल्या ‘यरु’चा संबंध पाया घालणे या अर्थाच्या क्रियापदाशी जोडला जातो. तेच क्रियापद ईयोब ३८ मध्ये पृथ्वीच्या कोनशिलेसाठी वापरले आहे, आणि २ इतिहास २० मधील ‘यरुएल’ या रानाचे नावही त्याच घडणीचे आहे. उगारित या सीरियाच्या किनाऱ्यावरील प्राचीन नगराच्या लेखांत शालिम हा सायंसंध्येचा देव असल्यामुळे ‘शालेमने घातलेला पाया’ हा अर्थ सर्वाधिक पटतो. नावात देव दडला आहे ही मजकूरकर्त्याची शंका त्यामुळे रास्तच आहे. चुकला तो देव. (प्रवचनांतून ऐकू येणारे ‘शांतीचे नगर’ही याच कसोटीवर डळमळते, कारण नगरवाचक ‘ईर’ शब्दाचे आद्याक्षर ‘आयिन’ या नावात नाही.)

‘यहुदी’ हा शब्द येहुदा या वंश-प्रदेशाच्या नावावरून आला असून त्यातील ‘ह’ मूळचाच आहे, तेव्हा तो ‘यदु’वरून आलेला नाही. कोकणातील बेने इस्राएल या यहुदी समाजाच्या मूळकथेतही नवगावजवळ फुटलेले गलबत आहे, द्वारका नाही.

भारतीय धागाच शोधायचा असेल तर तो अमार्नाच्या याच पाट्यांत आहे. अक्षाफ या कनानमधील नगराच्या राजाचे नाव तिथे ‘इंदरुत’ असे येते आणि अभ्यासक ते ‘इंद्रोत’ या वैदिक नावाशी जोडतात. त्याच शतकातील मितान्नी या उत्तर सीरियाकडील राज्याच्या करारात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांना साक्षी ठेवले आहे.