नशिबानं टिकलेलं इंजिन: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

(नाव दिलेलं नाहीत, म्हणून ‘महोदय’वर भागवतो.)

तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहिलं असतं तर ते चारचौघांत ठेवण्यासारखं झालं नसतं, म्हणून दोन दिवस थांबलो.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जुन्या साध्या पेट्रोल इंजिनाला टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) लावण्यावर मी लेख लिहिला होता. माझं इंजिन १.६ लिटरचं, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ९.४:१, आतलं सगळं कंपनीचं. त्यावर ०.४ बार बूस्ट (टर्बोचा जादा दाब) चार वर्षं चालवतोय, एवढंच मी म्हटलं होतं. यावर तुम्ही लिहिता की कॉम्प्रेशन न उतरवता टर्बो लावायला सांगणं बेजबाबदारपणाचं आहे, नॉक सेन्सर (मिश्रण अवेळी भडकून बसणारे ठोके, म्हणजे नॉकिंग, ओळखणारा) नाही, रिंग गॅप (पिस्टनवरच्या रिंगच्या दोन टोकांमधली फट) पाहिलेली नाही, जाड हेड गॅस्केटचा (ब्लॉक आणि हेडमधल्या पट्टीचा) पर्याय चुकीचा आहे आणि ऑइल रिटर्नचं (टर्बोतून तेल परत नेणाऱ्या नळीचं) मापही चुकलंय. शेवटी हे वाक्य: ‘तुमचं इंजिन टिकलंय ते ज्ञानामुळे नाही, नशिबामुळे.’

जिथे तुमचं बरोबर आहे ते आधी मान्य करतो. रिटर्नच्या नळीचा आतला व्यास मी १० मिमी लिहिला होता, तो १६ हवा. टर्बोला तेल दाबानं मिळतं, पण परत जाताना ते फक्त उतारावरून वाहतं, आणि तेही फेसाळलेलं. नळी बारीक असली किंवा मध्ये झोळ पडला की तेल तुंबतं, सीलमधून झिरपतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर निघायला लागतो. लिहिताना चूक झाली, दुरुस्त केली आहे. आभार. माझ्या गाडीत पहिल्यापासून १६चीच आहे, हेही नोंदवून ठेवा.

आता ‘नशीब’.

हा शब्द तुम्ही सहज टाकून गेलात. ज्याचं नशीब एकदा फुटलेलं आहे त्याला तो असा सहज ऐकवत नाही. माझं हे दुसरं टर्बो इंजिन. पहिलं मी स्वतःच्या हातानं फोडलं. बूस्ट ०.७, इंटरकूलर (दाबलेली गरम हवा थंड करणारा) नाही, टायमिंग (ठिणगी कधी पडते ते) कंपनीचं तसंच ठेवलेलं. तिसऱ्या महिन्यात एका लांब चढावर पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज यायला लागला. मला तो ऐकू आला होता. मी गाण्याचा आवाज वाढवला. पुढच्या आठवड्यात इंजिन खोललं तेव्हा दुसऱ्या पिस्टनची रिंग लँड तुटलेली. दोन रिंगांमधली ती ॲल्युमिनियमची कड, नखाएवढा तुकडा. तो अजून माझ्या टेबलावर आहे. हे उत्तर लिहितानाही समोर आहे. तेव्हा नशीब म्हणजे काय हे मला शिकवू नका.

दुसऱ्या वेळी काय केलं ते मूळ लेखात होतं, पण तुम्ही तिथपर्यंत वाचलंत असं दिसत नाही. वेस्टगेटची (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेची) स्प्रिंग ०.४ बारची घेतली आणि बूस्ट वाढवणारा कुठलाही कंट्रोलर लावला नाही, कारण हातात बटण असलं की ते दाबलं जातंच. ३० अंशांची हवा एवढ्या दाबाला टर्बोतून निघते तेव्हा ७५ अंशांच्या आसपास गेलेली असते. म्हणून इंटरकूलर. मोठे इंजेक्टर, प्रोग्रॅम होणारा इसीयू (इंजिनाचा संगणक), वाइडबँड (धुरावरून मिश्रण मोजणारा सेन्सर) लावून बूस्टमध्ये हवा-इंधनाचं प्रमाण ११.८ वर आणलं. टायमिंग दर पीएसआयला (०.४ बार म्हणजे जवळपास सहा पीएसआय) एक अंश मागे, म्हणजे पूर्ण बूस्टला जवळपास सहा अंश. स्पार्क प्लग एक नंबर थंड (उष्णता लवकर सोडणारा), गॅप ०.७ मिमी.

आणि ऐकणं. नॉक सेन्सर नाही हे खरं. तांब्याची एक नळी घेतली, तिचं टोक ठोकून चपटं केलं, भोक पाडलं आणि ब्लॉकच्या बोल्टखाली आवळलं. दुसऱ्या टोकाला रबरी पाइप, तो फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) आत घेऊन कानावरच्या इअरमफला जोडला. डॉक्टरच्या स्टेथोस्कोपचाच भाऊ. शेजारी मित्र गाडी चालवतोय आणि मी डोळे मिटून बसलोय, असे सलग तीन शनिवार गेले. प्रत्येक रननंतर प्लग काढून भिंगातून पाहायचा. नॉकिंग होत असेल तर पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके दिसतात, आणि प्रकरण पुढे गेलं असेल तर त्यांत चमकणारे बारीक दाणे. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं. पहिल्या शनिवारी तिसऱ्या प्लगवर काळे ठिपके होते. आणखी दोन अंश टायमिंग मागे घेतलं, तेव्हा तो स्वच्छ झाला. याला तुमच्या भाषेत नशीब म्हणत असतील तर मला वाटतं आपली भाषाच वेगळी आहे.

बाकीचे मुद्दे. जाड गॅस्केटनं पिस्टन आणि हेडमधली स्क्विशची फट वाढते, मिश्रण नीट घुसळलं जात नाही आणि कॉम्प्रेशन उतरूनही नॉकिंग वाढू शकतं, असं तुम्ही म्हणता. पुस्तकात असंच आहे. मी ‘पर्याय’ म्हटलं होतं, ‘करा’ म्हटलं नव्हतं. ८० मिमी बोअरला (सिलिंडरच्या व्यासाला) एक मिलिमीटर जाडी वाढवली तर ९.५ चं कॉम्प्रेशन ८.७ वर येतं, हा हिशेब मी दिला होता आणि तो बरोबर आहे. त्यापलीकडचं पुन्हा कधीतरी.

रिंग गॅप: टर्बोच्या उष्णतेनं रिंगची टोकं एकमेकांना भिडतात आणि लँड तुटते, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही, टेबलावर पुरावा आहे. पण हे इंजिन मी खोललंच नव्हतं, तेव्हा गॅप मोजण्याचा प्रश्न येतो कुठे?

तुम्ही १९७३च्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोचा दाखला दिलात, की खुद्द कंपनीनं कॉम्प्रेशन ६.९:१ पर्यंत उतरवलं होतं. बरोबर आहे. पण त्या गाडीत इंटरकूलर नव्हता आणि बूस्ट माझ्यापेक्षा जास्त होता. दाखलेच द्यायचे तर १९६२ची ओल्ड्समोबील जेटफायर घ्या. कॉम्प्रेशन १०.२५:१, माझ्याहून जास्त, आणि कंपनीचा टर्बो. हो, तिला नॉकिंग टाळायला पाणी-मिथेनॉलची वेगळी टाकी लागायची, आणि मालक ती भरायला विसरायचे. तो मालकांचा दोष.

एक राहिलंच. ‘तुमचं वाचून पोरं इंजिनं फोडतील’ असं लिहिलंत. माझं पहिलं इंजिन फुटलं तेव्हा मी कुणाचंही काही वाचलेलं नव्हतं. मला वाटतं तुम्हाला सल्ल्याचा राग नाही, सल्ला कुणी द्यावा याचा आहे. असो. तुमचा या कामातला अनुभव किती, हे प्रतिक्रियेत कुठेच नाही.

तरी तुमच्या समाधानासाठी काल लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाबानं हवा भरून किती गळते ते मोजणं) करून घेतली. इंजिन गरम, पिस्टन वरच्या टोकाला. गळती अशी: पहिला सिलिंडर ७ टक्के, दुसरा ८, तिसरा ७, चौथा १६. या वयाच्या इंजिनाला पहिले तीन आकडे उत्तमच आहेत. चौथ्याला हवा देऊन ऑइल फिलरचं झाकण काढलं आणि कान लावला, तर खालून फुसफुस ऐकू येते. गेल्या वर्षी याच सिलिंडरचा आकडा ११ होता. टेस्टरचा वॉशर जुना झालाय, नवा आणला की पुन्हा मोजतो.